पाच किलोचा केक, साडेआठ किलोचं बाळ

आमच्या बायचा पहिला वाढदिवस झाला तेव्हा केक पाच किलोचा होता आणि बाय साडेआठ किलोची. दोन्ही आकडे पक्के आहेत. केकचा बिलावर होता, बायचा मी स्वतः काट्यावर घेतला होता. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काढली, गेल्या वर्षी पासष्ट भरली म्हणून घरी बसले. पण समोर पोर आलं की अजून आधी त्याचे दंड बघते, फ्रॉकचा रंग मागाहून. (बाय हे तिचं नाव नव्हे. आमच्या आगरी घरांत मुलीला बायच म्हणतात. कागदावरचं नाव कागदापुरतं.)

जासई हे आमचं गाव उरण तालुक्यात, बाजारहाट मात्र पनवेलचा. म्हणून केक पनवेलहून आला, फुगेवाले पनवेलहून आले, डीजे तेवढा नात्यातला. हॉल रस्त्याकडेचा. चारशे माणसांचं जेवण सांगितलं होतं. पत्रिकेवर वेळ सातची, केक कापला साडेनऊला, कारण कुणी एक पुढारी यायचे होते. तोवर बाय झोपून गेली होती. तिला उठवलं. जाळीचा टोचरा फ्रॉक, समोर डोळ्यांत जाणारे दिवे, छातीत धडधडणारा आवाज आणि ज्यांना तिनं जन्मात पाहिलं नाही असे गालगुच्चे घेणारे शंभर हात. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि जो टाहो फोडला तो फोटोग्राफरनं अल्बममधून काढून टाकला. अल्बममध्ये ती हसतेय. कसं हसवलं ते आम्हाला माहीत.

मेणबत्ती पेटलेली असताना एका भाच्यानं बर्फासारखा फेस उडवणारा फवारा मारला. तो फवारा पेट घेतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. सुदैवानं त्या दिवशी घेतला नाही. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे खाली पडलेले आणि रांगती पोरं ते तोंडात घालतायत, हे मात्र मी पाहिलं. असला तुकडा लहान मुलाच्या घशात चिकटला तर श्वास अडकतो. वर्षानुवर्षं मी हे आयांना सांगत आले आणि माझ्याच घरच्या कार्यात वाकून वाकून तुकडे वेचत होते. जेवण शेवटच्या पन्नास माणसांना पुरलं नाही. पुतण्या मोटरसायकलवरून बिर्याणी आणायला धावला. सगळा हिशेब पावणेदोन लाखांवर गेला. दास्तान फाट्यावर काळा चष्मा घातलेल्या बायचा बॅनर होता आणि खाली शुभेच्छुकांची तीस डोकी, त्यातले बरेचसे मोबाइल कानाला लावून. एवढ्या लोकांना एकाच वेळी कुणाचा फोन आला होता कोण जाणे.

आणि हे सगळं मुलानं आणि सुनेनंच केलं असं म्हणून मला सुटता येणार नाही. स्टेजमागचा गुलाबी पडदा मी निवडला होता. डीजेपुढे मी नाचलेही होते.

म्हणून 'हल्लीच्या लोकांना पैशाचा माज आलाय' असं लिहिणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. आमच्याकडे हॉल का आला हे आधी समजून घ्यायला हवं. १९७० मध्ये सिडको आली आणि पनवेल, उरण, ठाण्याकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी जायच्या ठरल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. १९८९ मध्ये शेजारी न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. मधे लढा झाला, त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायचं तत्त्व आलं. त्याचे पैसे घरात आले ते पगारासारखे दरमहा नव्हे, एकदम गठ्ठ्यानं. ज्या बाईनं ठिगळाचं लुगडं नेसून मिठाच्या पाट्या वाहिल्या, तिच्या नातवाला वाटतं की एकदा तरी सगळ्यांनी पाहावं, आमच्याही घरात काही आहे. त्या वाटण्याला मी हसत नाही. हसण्यासारखी वस्तू आहे ती आहेराची वही.

ही वही प्रत्येक घरात असते. लाल पुठ्ठ्याची. कुणाच्या बारशाला कुणी किती घातले, कुणाच्या वाढदिवसाला अंगठी, कुणाच्या हळदीला पाकीट, सगळं ओळीनं लिहिलेलं. तुमच्या पोराच्या वाढदिवसाला मी हजार घातले तर माझ्या नातीच्या वाढदिवसाला तुम्हाला ते परत करायची संधी मी द्यायलाच हवी, नाहीतर पैसे बुडाले. म्हणजे एका हॉलचं उत्तर दुसरा हॉल. पोर वर्षाचं झालं हे निमित्त, खरं तर ती भिशी आहे. भिशीला माझी हरकत नाही. पण भिशीचा नंबर लागलाय म्हणून दीड हात उंचीच्या जिवाला रात्री साडेनऊला झोपेतून उठवू नये.

माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे आय म्हणतात, त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसल्या होत्या. घरी आल्यावर पाय चोळता चोळता म्हणाल्या, "आमचे येलेला कसला वारदिस? पोर जगला, झाला!" त्यांची सहा झाली, तीन राहिली. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. जन्माच्या पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, मग बारसं, पुढे जावळ. एवढं पार पडलं की पोर पदरात पडलं म्हणायचं. तारखेला काही किंमत नव्हती. वय मोजायचं ते घटनांवरून. अमका मोठ्या उधाणात बांध फुटला तेव्हाचा, तमकी आंदोलनाच्या सालातली.

शाळेत जायची वेळ आली की गुरुजी तारीख लावायचे, बहुतेकांना १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, सहा वर्षं पूर्ण दाखवायची, मग १ जून सोयीचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, एका पिढीतले निम्मे पुरुष १ जूनला जन्मलेले सापडतील. आमच्या ह्यांचाही वाढदिवस तोच. त्यांच्या चार मित्रांचाही तोच, पाचही जण एकमेकांना सकाळी फोन करून हसतात. आयला ती सोयसुद्धा मिळाली नाही, कारण त्या शाळेतच गेल्या नाहीत. आधार कार्ड काढताना ऑपरेटरनं वय विचारलं, त्या म्हणाल्या, "तूच बग." त्यानं बघितलं आणि १ जानेवारी लिहिलं.

बायची तारीख मात्र मिनिटासकट नोंदलेली आहे, आणि ती साधी तारीख नाही. १६ जानेवारी. १९८४ साली ह्याच दिवशी जासईत जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. नामदेव घरत आणि रघुनाथ ठाकूर पडले. दुसऱ्या दिवशी नवघरला आणखी तिघं. मी सहा महिन्यांची पोटुशी होते. सासऱ्यांनी मला आतल्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली होती, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं काही नाही, फक्त ऐकलं. बायचा बाप त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झाला. 'आंदोलनाच्या सालातला' तो हाच. आधी तीन दिवस, १३ जानेवारीला, ह्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांची जयंती. ते ह्याच गावचे. १९२६ चा जन्म, म्हणजे यंदा शंभर वर्षं झाली. त्यांचं नाव नव्या मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून २४ जून २०२१ ला भर पावसाळ्यात सिडकोला घेराव घालायला गेलेल्या बायकांत मी होते. त्यामुळे जानेवारीचा मधला आठवडा गावात हारफुलांचा, भाषणांचा, गळा दाटण्याचा असतो. त्यात डीजे लावायचा म्हणजे पहिल्या वर्षी आम्ही केलं तसं, पुढच्या रविवारी ढकलायचा. पोरगी सोमवारी वर्षाची झाली आणि वाढदिवस रविवारी आला. मधले सहा दिवस ती किती वर्षांची होती?

दुसऱ्या वर्षी घरात सुतक होतं, तिसऱ्या वर्षी बायला गोवर-कांजिण्यांसारखं अंगावर काही उठलं होतं. दोन्ही वेळा काहीच झालं नाही. यंदा चौथा. डिसेंबरातच मुलगा म्हणाला, "आये, दोन वर्षं काय केला नाय, आता हॉल नाय घेतला त लोका काय बोलतील?" मी म्हटलं, १६ तारखेलाच करायचा आणि घरी करायचा. तो गप्प बसला. बोलली ती सून, आणि ती जे बोलली त्यानं माझी अंगणवाडीची मिजास उतरली.

सून नाशिककडची. बंदराजवळच्या एका कंटेनर डेपोच्या ऑफिसात बसते, सातला घरी येते. म्हणाली, "आई, घरी म्हणजे कोणी? पन्नास जणांच्या पुऱ्या कोण लाटणार, दुसऱ्या दिवशी भांडी कोण घासणार? हॉल मला आवडतो असं नाही. हॉलमध्ये मी निदान बसते तरी."

साधेपणानं घरच्या घरी वाढदिवस करावा असं सांगणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. बहुतेक पुरुषांचे असतात, आणि त्यांत आईच्या हातच्या शिऱ्याची आठवण असते. शिरा ढवळणाऱ्या हाताचं काय झालं ते नसतं. घरचा समारंभ स्वस्त पडतो तो बऱ्याचदा एवढ्यासाठी की एका बाईची मजुरी कुणी धरत नाही. तेव्हा सुनेचं म्हणणं मी मान्य केलं आणि आम्ही तिघं-चौघं बसून दोन गोष्टी ठरवल्या. पाहुणे बायनं बोलवायचे. आणि जेवण पुरुषांनी करायचं.

दुसरी गोष्ट रायगडात जानेवारीत अवघड नाही, कारण जानेवारी म्हणजे पोपटी. वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. शेंगा, रताळी, बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, हे सगळं मडक्यात, थरांच्या मधे भांबुर्ड्याचा पाला, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानंच गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं-गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासात वास सुटतो. मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र करून उडाले की झालं. पोपटी लावणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम, आणि ते स्वतःला त्यात फार मोठे आचारी समजतात. ती समजूत मोडायची मला काय गरज?

पाल्याचीच पंचाईत झाली. भांबुर्डा पूर्वी शेताच्या बांधावर पायात यायचा. आता बांधच भरावाखाली गेले. शेवटी मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ चिर्ल्याच्या अंगाला, अटल सेतूचा रस्ता उतरतो त्याच्या बाजूच्या एका पडीक तुकड्यातून दोन भारे घेऊन आले. बाय त्यांच्याबरोबर गेली होती. घरी आली ती हाताचा वास घेत. दोन दिवस तिनं हात धुवायला त्रास दिला.

पाहुणे किती, याला माझा अंगणवाडीतला जुना हिशेब आहे: पोराचं जितकं वय तितकी पोरं, वर एक. चार वर्षांच्या मुलाला एका वेळी पाचापेक्षा जास्त सवंगडी पेलवत नाहीत. सहावं आलं की कुणीतरी कोपऱ्यात रडत असतं. बायनं बोटं मोजून पाच नावं सांगितली. त्यात काकाची दोन, शेजारच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ट्रेलर चालकाची मुलगी (ती मूळची बिहारची, पण आगरी माझ्या सुनेपेक्षा बरं बोलते), अंगणवाडीतला एक मुलगा, आणि पाचवी आय. आम्ही म्हटलं, आय लहान नाही. बाय म्हणाली, दात नाहीत ना तिला.

भावकीला काय सांगायचं हा प्रश्न उरला. मी स्वतः सहा घरी जाऊन आले आणि सांगितलं की पोपटी आहे, या, पण पाकीट आणू नका. वहीत लिहिणार नाही. पाच घरांनी ऐकलं. सहावी नणंद. ती अंगठी घेऊन आली, आणि मी ती परत केली असती तर पुढची दोन वर्षं बोलणं बंद झालं असतं. घेतली. वहीत लिहिलीही. मी संत नाही.

सकाळी आम्ही बायला घेऊन हुतात्म्यांच्या स्मारकावर गेलो. भाषणं सुरू व्हायच्या आधी, फूल ठेवून परत. तिला गोळीबार काय सांगायचा? तिनं विचारलं, "ह्यांचा पण बर्थडे आहे?" मुलानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "नाय गो. पन आपुन रोज नाव घेतो ना त्यांचा." रोज घेत नाही, पण वेळ निभावली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात चुन्याची एक रेघ मारली. रेघेपलीकडे जाळ आणि पुरुष, अलीकडे पोरं. ही रेघ मी आग्रहानं मारायला लावली. चार वर्षांच्या मुलाला 'लांब राहा' कळत नाही, रेघ कळते. अलीकडे मी फणसाची पानं आणि झाडूचे हीर घेऊन बसले होते. हिरानं पान पानाला टाचायचं, डोक्याच्या मापाची गोल पट्टी झाली की मुकुट. एकतीस वर्षं ज्या पोराचा वाढदिवस असेल त्याला अंगणवाडीत हाच मुकुट घातला आहे. त्या दिवशी घंटा त्यानं वाजवायची, गाणं त्यानं सांगायचं, खाऊ त्यानं वाढायचा. खर्च शून्य, कारण द्यायला काही नव्हतंच. पण पोरं महिनाभर आधी विचारायची, माझी घंटा कधी. केकचं असं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

ही युक्ती माझी नव्हे. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, तेव्हा आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेपर्यंत येईनात, तर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. खेळणी विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि असता तरी त्यांना तो तसा घालवायचा नव्हता. पानं, बिया, शिंपले, खडे हेच साहित्य. पुढे १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. आम्हाला प्रशिक्षणात हे सगळं शिकवलं होतं. आम्ही ते अंगणवाडीत वापरलं आणि स्वतःच्या घरात प्लास्टिकचे मुकुट आणले.

बोरन्हाण सुनेकडून आलं. आगऱ्यांत माझ्या माहेरी किंवा सासरी ते कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. १६ जानेवारी त्यात नेमकी बसते. बायला काळा झबलेवजा फ्रॉक, सुती. गळ्यात हलव्याचा हार. पाटावर बसवून डोक्यावरून कुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचे. मी विचार करते की लहान मुलांच्या समारंभाचा ह्याहून हुशार बेत कुणी काढला असेल का. उत्सवमूर्ती बसलेली, पण पाहुणे तिच्यापेक्षा कमी मजेत नाहीत. खाऊ वाटावा लागत नाही, ज्यानं त्यानं वेचायचा. देण्याघेण्याची पिशवी नाही, परतभेट नाही. आणि हंगामाचंच सगळं. दुकानातून आणायचं फारसं काही राहत नाही. काकाचं धाकटं दीड वर्षाचं आहे, त्याच्यापुढून बोरं उचलून मी फक्त कुरमुरे ठेवले. बी घशात जायला नको. बाय दोन मिनिटं पाटावर बसली, मग तिला राहवेना, स्वतःच उठून खाली बोरं वेचायला लागली. सून म्हणाली, असं करायचं नसतं. आय म्हणाल्या, "करू दे गो."

केकऐवजी सांदण केलं होतं. तांदळाचा रवा, गूळ, नारळाचा रस, ताटलीत वाफवलेलं. हे मी केलं, स्वखुशीनं, आणि एवढंच केलं. मेणबत्ती हवी की नको यावर थोडा वाद झाला. दिवा विझवणं आपल्यात अशुभ, म्हणून औक्षण करावं, फुंकर नको, असं हल्ली पुष्कळजण सांगतात. मला औक्षण आवडतं. अंगठी, सुपारी ओवाळून कपाळाला कुंकू लावताना पोर जे स्थिर डोळ्यांनी बघतं ते मला फार आवडतं. पण चार वर्षांच्या पोरीच्या फुंकरीवर संस्कृती अवलंबून आहे असं मला वाटत नाही. तिला फू करायचं होतं. तेव्हा निरांजनानं ओवाळलं, ते तसंच तेवत देवापुढे नेऊन ठेवलं आणि सांदणात एक मेणबत्ती खोचली. सांदण गरम होतं. मेणबत्ती बुडातून मऊ झाली आणि हळूहळू वाकत चालली. बायला वाटलं ती नमस्कार करतेय, म्हणून तिनंही वाकून केला, मग फू.

मग ते गाणं. तेही नको म्हणणारे आहेत, इंग्रजी म्हणून. त्या गाण्याची चाल अमेरिकेतल्या लुइव्हिल गावच्या दोन बहिणींची, पॅटी आणि मिल्ड्रेड हिल यांची. पॅटी बालवाडीच्या बाई होत्या. मूळ गाणं वाढदिवसाचं नव्हतंच, सकाळी वर्गात आल्यावर पोरांना सुप्रभात म्हणायचं होतं. १८९३ मध्ये त्यांच्या पुस्तकात छापलं गेलं. वाढदिवसाचे शब्द त्याला मागाहून चिकटले, आणि नंतर कितीतरी वर्षं एक कंपनी सिनेमा-नाटकात ते वापरलं की पैसे घ्यायची. कोर्टकचेरी होऊन २०१६ मध्ये ते सगळ्यांसाठी मोकळं झालं. म्हणजे तेसुद्धा एका बालवाडीवाल्या बाईचंच. मी त्याला परकं कसं मानू? आम्ही ते म्हटलं. वर एक आमचं म्हटलं, जे मी १९९४ पासून पोरांकडून म्हणून घेते आणि ज्यात पोराचं नाव, आयशीचं नाव, गावाचं नाव घालायचं असतं. त्याला चाल अशी नाही. ओरडायचं.

मडकं फोडलं तेव्हा अंधार पडला होता. वाफ, ओव्याचा वास, काळवंडलेल्या शेंगा. पोरं शेंगा फोडून दाणे मोजत बसली. ट्रेलरवाल्याच्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा पोपटी खाल्ली आणि अंडं मडक्यातून निघालं हे पाहून कोंबडी मडक्यातच होती का म्हणून विचारलं. होती, म्हणालो. पुरुष हात पुसत एकमेकांची तारीफ करत होते. मीठ जरा जास्त झालं होतं; कुणी बोललं नाही. सून खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, ताटली हातात. भांडी जवळजवळ नव्हती, केळीची पानं होती. सगळा खर्च कोंबडीसकट साडेतीन हजार झाला, पण ते मी फार जोरात सांगत नाही. स्वस्त झालं म्हणून चांगलं झालं असं कुणी म्हणायला नको. ज्याला हॉल परवडतच नाही त्याच्या घरी साडेतीन हजारही जास्तच आहेत. त्यांच्यासाठी कुरमुरे आणि फणसाची पानं आहेत. आणि ज्यांना वही फिटवायची आहे त्यांनी खुशाल मोठ्यांचं जेवण घालावं, पन्नाशीचं घालावं, साठीचं घालावं. तिथं उत्सवमूर्ती साडेनऊपर्यंत जागी असते.

साडेआठला पाहुणी पोरं निघाली. राहिलं ते उंचीचं काम. अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंची घेऊन तक्ता भरायची सवय. घरी मी माजघराच्या चौकटीवर वर्षाला एक रेघ मारते. मुलाच्या रेघा तिथं अजून आहेत, रंगाच्या दोन हातांखालून दिसतात. बायला भिंतीला टाच लावून उभं केलं, डोक्यावर वही ठेवली. आहेराचीच, ती सपाट असते. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. गेल्या वर्षापेक्षा सात जास्त. ती रेघ तिलाच मारायला दिली, पेन्सिलीनं. थोडी तिरकी गेली. तारीख मी लिहिली.

आय उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "मना पन मोज."

त्यांना उठायला दोघांचा आधार लागला. पाठ चौकटीला पूर्ण टेकत नाही, खांद्याच्या वर वाकलेली आहे. बायला त्यांच्या डोक्यापर्यंत हात पुरेना म्हणून तिला स्टुलावर चढवलं. तिनं वही ठेवली, जीभ बाहेर काढून रेघ मारली आणि मला म्हणाली, तारीख लिही. मी १६ जानेवारी लिहिली. एकशे एकेचाळीस सेंटिमीटर.

"आता मना काय देतेस?" आयनी विचारलं.

बायनं फ्रॉकच्या खिशात हात घातला. त्यात तीन बोरं होती, एक उसाचा करवा होता आणि एक वालाची शेंग, थंड झालेली. तिनं थोडा वेळ विचार केला आणि शेंग दिली. मग ती परत घेतली, सोलली, आणि दाणे दिले.